चढावरचा भरवसा

कविता लिहिणारा माणूस आज तुमच्याशी पंपाविषयी बोलणार आहे. रस्त्यावरच्या पेट्रोल पंपाविषयी नव्हे. गाडीच्या टाकीतून इंजिनपर्यंत पेट्रोल पोचवणाऱ्या फ्युएल पंपाविषयी. मी बी.ए.ला मराठी घेतलं होतं. यंत्रातलं मला जे कळतं, ते पाहून आणि ऐकून. पण या वीतभर वस्तूनं आमच्या घराला एकदा अशी धडकी भरवली, की ती हकीकत सांगावीशी वाटते.

आमचं गाव राजुरी, जुन्नर तालुक्यातलं. आळेफाट्याहून बेल्ह्याकडे जाताना लागतं. कल्याणला जायचं म्हणजे माळशेज घाट आलाच. माझ्या लहानपणी अब्बांकडे जुनी फियाट होती. लग्नसराईत ते ती भाड्यानं चालवत. मे महिन्यात घाट चढताना ती आचके देत बंद पडायची. अब्बा बॉनेट उघडून, फडकं पाण्यात भिजवून इंजिनच्या कुशीतल्या एका डबीवर ठेवायचे. तापात आई कपाळावर घडी ठेवते ना, तसं. ती डबी म्हणजे फ्युएल पंप. इंजिनच्या उष्णतेनं पेट्रोलची वाफ व्हायची आणि पंपाचा पडदा नुसताच हलत राहायचा. पंप गार झाला की गाडी सुरू.

२००० सालच्या सुमारास प्रदूषणाचे नियम कडक झाले, कार्बोरेटर मागे पडले आणि इंजेक्टर आले. फियाटच्या पंपाला पाव बारच्या आसपास दाब पुरायचा. इंजेक्टरला साधारण तीन बार लागतो. एक बार म्हणजे आपल्या भोवतालच्या हवेचा दाब, असं ढोबळमानानं समजा. हा नवा पंप विजेवर चालतो आणि पेट्रोलच्या टाकीतच बुडून बसतो. त्यामुळे ओल्या फडक्याचे दिवस संपले. पण पंप नजरेआड गेला आणि त्याची आठवणही गेली.

माझ्या भाच्यानं दीडशे अश्वशक्तीची जुनी टर्बो गाडी घेतली. तेवढ्यानं समाधान होईना. शहरातल्या एका गॅरेजमध्ये टर्बोचा दाब वाढवून त्यानं ती सव्वादोनशेच्या घरात नेली. पंपही नवा बसवला. खोक्यावर लिहिलं होतं : ताशी २५५ लिटर. आकडा मोठा, किंमत कमी. भाचा खूश.

कल्याणहून लग्न आटोपून येताना मागच्या सीटवर माझी बहीण होती. घाटात सरळ टप्पा बघून भाच्यानं रिकाम्या ट्रकला मागं टाकायला गाडी काढली आणि नेमकी त्याच क्षणी गाडीतली ताकद गेली. समोरून दिवे आले. ब्रेक दाबून तो कसाबसा ट्रकच्या मागं शिरला. घरी आल्यावर बहीण पाणी प्यायली आणि एवढंच म्हणाली, ''भाईजान, गाडी खोकली.''

दुसऱ्या दिवशी आमच्याकडच्या जुन्या मिस्त्रींनी प्लग काढले. टोकं पांढरीफटक. म्हणजे पेट्रोल कमी आणि हवा जास्त. असंच चालवलं असतं तर पिस्टन वितळून भोक पडलं असतं. मग त्यांनी दाब मोजायचा काटा काचेवर बाहेरून बांधला आणि गाडी चढाला नेली. उभ्या गाडीत काटा जागेवर होता. चढावर जोर दिला की घसरत होता.

मिस्त्रींनी वहीच्या पानावर हिशेब मांडला. टर्बो इंजिनाला एका अश्वशक्तीमागे तासाला साधारण पाव किलोहून थोडं जास्त पेट्रोल लागतं. २२० अश्वशक्तीला साठ किलो, म्हणजे ऐंशी लिटर. त्यावर पाव भाग राखीव. शंभर लिटर झाले. ''मग अडीचशेचा पंप कमी कसा पडला?'' मी विचारलं. ते म्हणाले, ''भाई, कोणत्या दाबाला अडीचशे, ते विचारा.'' टर्बो एक बार हवा कोंबतो, तेव्हा पंपाला तीनऐवजी चार बारांशी झुंजावं लागतं. दाब वाढला की धार बारीक होते. म्हणून पंप घेताना खोक्यावरचा आकडा न पाहता दाब आणि धार यांचा तक्ता मागायचा.

दुसरी गोष्ट विजेची. बॅटरीपाशी साडेतेरा व्होल्ट होते, पंपापाशी अकरासुद्धा नव्हते. जुन्या बारीक वायरनं वाटेतच खाल्ले. बॅटरीपासून जाड वायर, मध्ये फ्यूज आणि रिले, शिवाय चांगलं अर्थिंग, हे पंपाइतकंच महत्त्वाचं. तिसरी गोष्ट, तो पंपच नकली निघाला. वॉल्ब्रो, बॉश अशा नावांच्या हुबेहूब नकला बाजारात असतात. अधिकृत विक्रेता आणि पक्कं बिल, हाच त्यावर उपाय.

अवाजवी मोठा पंपही नको. जास्तीचं पेट्रोल गोल फिरून तापतं. टाकी सतत रिझर्व्हवर ठेवू नये; पेट्रोलच पंपाला गार ठेवतं, आणि वळणावर ते बाजूला गेलं की पंप हवा ओढतो. शिवाय आता पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. आमच्या शिवारातल्या उसाचा हा भाईबंद टाकीत उतरला, की इंजिनाला सुमारे आठ टक्के जास्त इंधन लागतं आणि जुनं रबर लवकर खराब होऊ शकतं. तेव्हा पंप, नळ्या, सील इथेनॉलला टिकणारे आहेत ना, हे विचारून घ्यावं. थेट इंजेक्शनच्या नव्या गाड्यांत मात्र दोन पंप असतात. त्यांचा हिशेब वेगळा.

एक गोष्ट मी भाच्याला सुनावली. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीच्या मूळ रचनेत मनाला येईल तसा बदल करू देत नाही. सर्वोच्च न्यायालयानंही २०१९ साली तेच स्पष्ट केलं. ताकद वाढवण्याआधी त्यानं आरटीओत विचारायला हवं होतं. अपघात झाला असता तर विम्याचाही प्रश्न आलाच असता.

त्यानं ऐकलं. इंजिन मूळ दीडशेवर आणलं. पंप अस्सल घेतला, मिस्त्रींनी घातलेली जाड वायर तशीच ठेवली. आता पंपाकडे गरजेहून थोडं जास्तच असतं. मिस्त्री म्हणतात, घाटातल्या गाडीचं असंच असावं.

किल्ली फिरवली की इंजिन सुरू होण्याआधी मागच्या सीटखालून दोन सेकंद बारीक गुणगुण येते. पंप दाब भरत असतो. पूर्वी गाडीत बसल्यावर बहीण नुसतं बिस्मिल्ला म्हणायची. आता बिस्मिल्ला म्हणते आणि मुलाला विचारते, ''पंप बोलला का रे?''