स्वादुपिंडाचा कर्करोग : लवकर कळेल का?



स्तनातली गाठ हाताला लागते. आज मात्र हाताला न लागणाऱ्या एका अवयवाबद्दल बोलू या. तो म्हणजे स्वादुपिंड. ते जठराच्या मागे आडवे असते. अन्न पचवणारा रस आणि साखर ताब्यात ठेवणारे इन्सुलिन तिथेच तयार होते.

इथला कर्करोग बराच काळ गप्प असतो. त्रास सुरू होईपर्यंत तो बहुतेक वेळा पसरलेला असतो आणि शस्त्रक्रियेची वेळ टळून गेलेली असते. अमेरिकेतसुद्धा निदानानंतर पाच वर्षे जगणारे १०० मध्ये १३ च्या आसपासच आहेत.

मग रक्त तपासून तो आधीच का सापडत नाही? सीए १९-९ नावाची एक तपासणी आहे. पण पित्ताचा मार्ग अडला किंवा स्वादुपिंडाला सूज आली तरी तो आकडा वाढतो. काहींच्या शरीरात तर तो पदार्थ जन्मतःच तयार होत नाही. त्यामुळे ही तपासणी मुख्यतः रुग्णाच्या उपचारांवर लक्ष ठेवायला उपयोगी पडते.

म्हणून शास्त्रज्ञ आता अनेक खुणा एकत्र पाहतात. रक्तातली प्रथिने, गाठीतून सुटलेले डीएनएचे तुकडे, केरास या जनुकातला बिघाड. इतक्या खुणांचा मेळ घालायला संगणक लागतो. तांदूळ निवडता निवडता आपली नजर खडा ओळखायला शिकते ना? तसेच हजारो नोंदी दाखवून संगणकाला शिकवतात. यालाच मशीन लर्निंग म्हणतात.

२०२३ मध्ये डेन्मार्कमधल्या सुमारे ६० लाख लोकांच्या दवाखान्यातल्या नोंदींवर असा प्रयोग प्रसिद्ध झाला. कोणाला कोणते आजार कोणत्या क्रमाने झाले, यावरून संगणकाने जास्त धोक्याची माणसे वेगळी काढली. पण तीच पद्धत अमेरिकेतल्या नोंदींना लावली तेव्हा अचूकपणा घटला. तिथल्या नोंदींवर संगणकाला पुन्हा शिकवावे लागले. म्हणजे आपल्यासाठी आपल्याच नोंदी हव्यात.

मग सगळ्यांचीच तपासणी का नको? हिशेब करू. समजा, १०,००० बायकांत एकीला हा रोग आहे आणि तपासणी निरोगी बायकांत १०० मध्ये एकदाच चुकते. तरी जवळजवळ १०० निरोगी बायकांना रोगाचा संशय सांगितला जाईल. त्यांचा घोर आणि खर्च कोण भरून देणार? म्हणून सरसकट तपासणीची शिफारस नाही. आई-वडील किंवा भावंडांना हा रोग झाला असेल, तर मात्र डॉक्टरांना जरूर सांगा.

संगणक येईल तेव्हा येईल. आज आपल्या हातात काय आहे? पन्नाशीनंतर अचानक मधुमेह निघाला आणि सोबत वजन उतरत असेल, तर "साखरेमुळे असेल" म्हणून सोडू नका. अशा बहुतेकींना कर्करोग नसतो, पण विचारायला हवे. पोट न दुखता कावीळ झाली, पोटातली कळ पाठीत जाऊ लागली, शौच तेलकट होऊ लागले, तर गावठी औषधात दिवस घालवू नका. तंबाखू आणि मिश्री सोडा. आणि जुने केसपेपर रद्दीत टाकू नका. वर्षभरापूर्वीचे वजन आणि साखर लिहिलेला तो कागद डॉक्टरांना पुष्कळ सांगून जातो.

घरातल्या सगळ्यांचे पथ्यपाणी आपण सांभाळतो. त्यात एक नाव स्वतःचेही असू द्या.