कूपे घेण्याआधी



दोन दारांची, मागे उतरत्या छपराची कूपे रस्त्यावरून गेली की मान वळतेच. हौसेबद्दल माझी तक्रार नाही. पण ही गाडी पहिल्यांदा अडते ती हमरस्त्यावर नव्हे, आपल्याच सोसायटीच्या पार्किंगमध्ये.

हिशेब करून बघा. आपल्याकडे एका गाडीची जागा साधारण अडीच मीटर रुंद. 2016 साली भारतात आलेली फोर्ड मस्टँग आरसे सोडून 1.9 मीटर रुंद होती. अगदी मधोमध लावली तरी दोन्ही अंगांना जेमतेम फूटभर जागा उरते. त्यात दार लांबलचक, कारण मागच्यांनाही तिथूनच आत शिरायचे असते. शेजाऱ्याने गाडी खेटून लावली की सडपातळ माणसालाही कसरत करावी लागते. तेव्हा टेप घेऊन मोजा, खांब धरून.

मग गतिरोधक. भारतीय रस्ते काँग्रेसच्या मानकानुसार तो 10 सेंटीमीटर उंच आणि 3.7 मीटर लांबीत उतरता हवा. आपल्या गल्लीतला कसा असतो ते तुम्ही जाणताच! कूपे मुळात बुटकी, चार माणसे बसली की आणखी दबते आणि पोट घासते. म्हणून टेस्ट ड्राइव्हला घरच्यांना बसवून न्या, आणि शोरूमवाला सुचवेल त्या गुळगुळीत रस्त्याने नव्हे, तुमच्या रोजच्या रस्त्याने. परतल्यावर आईला मागच्या सीटवरून उतरायला सांगा. ती काही बोलणार नाही, पण चेहरा बघा.

पैशांचे थोडक्यात सांगतो. आयात गाडीला महाराष्ट्रात एकरकमी कर 20 टक्के आहे. दिल्ली पासिंगची जुनी कूपे स्वस्त दिसते. तिच्यावर ना हरकत दाखला, इथला कर आणि नवा नंबर यांचा खर्च चढवून मगच भाव करा. अनेक कूपेंचे पुढचे-मागचे टायर वेगळ्या मापाचे असतात, आणि स्टेपनी असेलच असे नाही.

2024 मध्ये आलेली टाटा कर्व्ह ही कूपेसारख्याच उतरत्या छपराची, पण चार दारांची आणि जमिनीपासून चांगली उंच. तिच्यातही उंच माणसाचे डोके मागे छताला लागते का, मागच्या काचेतून कितपत दिसते, हे स्वतः बसून पाहा.

माझे मत विचाराल तर, घरात एकच गाडी असणार असेल तर दोन दारांची कूपे घेऊ नका. दुसरी गाडी म्हणून, ऐसपैस पार्किंग असेल, तर खुशाल घ्या.