रक्कम एक, वह्या दोन
(मंडळाच्या मासिक सभेत केलेले भाषण)



आम्ही बँकेतले कारकून. जमाखर्चापलीकडे आम्हाला काय कळणार? पण एक गोष्ट कळते. तुमची ठेव तुमच्या हिशेबी येणे असते, तीच बँकेच्या ताळेबंदात देणे असते. रक्कम एकच, बाजू दोन. बातमीचेही तसेच आहे.

१९८२ साली दक्षिण अटलांटिकमधील बेटांवरून ब्रिटन व अर्जेंटिना यांचे युद्ध झाले. ब्रिटिश पत्रे त्यांना फॉकलंड म्हणत, अर्जेंटिनाची पत्रे माल्व्हिनास. नाव घेतले की बाजू ठरली! २ मे रोजी ब्रिटिश पाणबुडीने 'जनरल बेल्ग्रानो' ही युद्धनौका बुडवली. ३२३ माणसे गेली. लंडनच्या 'सन'ने पहिल्या आवृत्तीत मोठ्या टाइपात विजयाची आरोळी ठोकली. नंतरच्या आवृत्तीत मथळा बदलावा लागला. तिकडे ब्युनोस आयर्सचे 'हेंते' साप्ताहिक 'आपण जिंकतो आहोत' असे छापत होते. लष्करी राजवटीत खरे छापणार कोण? १४ जूनला शरणागती आली तेव्हा लोक हादरले, आणि काही दिवसांतच अध्यक्ष गाल्तिएरी यांना जावे लागले.

बीबीसीने मात्र 'आपले सैन्य' न म्हणता 'ब्रिटिश सैन्य' म्हटले. एवढ्यावरून थॅचरबाईंचा पक्ष खवळला. तरी बीबीसी बंद पडली नाही. रशियात मार्च २०२२ मध्ये सैन्याविषयी 'खोटी माहिती' दिल्यास १५ वर्षांपर्यंत तुरुंगवास, असा कायदा झाला. युक्रेनमधल्या युद्धाला 'विशेष लष्करी कारवाई' म्हणणे पत्रांना भाग पडले. बाजू सगळेच घेतात. दुसरी वही उघडू देतात की नाही, हे पाहायचे.

आता घरचे बोलू. १ नोव्हेंबर आपल्याला काळा दिवस, कन्नड पत्रांना राज्योत्सव. २०१४ च्या त्याच तारखेपासून आपले गाव सरकारदरबारी 'बेळगावी' झाले. आपण 'बेळगाव'च म्हणतो, म्हणावेही. पण एका वर्षी आमच्या मुलीने शेजारच्यांचे कन्नड पत्र आणून वाचून दाखवले. आपली फेरी आतल्या पानावर, चार ओळींत! आम्ही संतापलो. तिने मुकाट्याने आपले पत्र पुढे केले. त्यांची मिरवणूक तीन ओळींत होती. आमच्याकडे उत्तर नव्हते.

आपला हक्क सोडू नये, आपला शब्दही सोडू नये. पण बँकेत दोन वह्या जुळवल्याशिवाय आम्ही घरी जात नाही. आठवड्यातून एकदा तरी दुसऱ्याची वही उघडावी, एवढीच विनंती.