पितळी कवच कापावें काय?

अमेरिकेंत काडतुसें घरीं पुन्हां भरणाऱ्या हौशी नेमबाजांपुढें हा प्रश्न नेहमीं येतो. श्रोतेहो, रायफलचें निमुळत्या मानेचें कवच बारागणिक लांबतें. रिव्हॉल्व्हरचें सरळ कवच फारसें लांबत नाहीं, शिवाय तें बुडाच्या कडेवर टेकतें. म्हणून निशाणबाजीच्या हलक्या भरणीसाठीं कापाकापीची खटपट व्यर्थच! परंतु १९३५ सालीं निघालेल्या .३५७ मॅग्नमची गोष्ट निराळी. तेथें कवचाचा ओठ गोळीच्या खांचेंत वळवून तिला घट्ट धरावें लागतें. यंत्राचें माप एकच. त्यामुळें आंखूड कवचाची पकड ढिली राहते. शेजारचा बार उडतांच धक्क्यानें ती गोळी पुढें सरकते आणि ऐन वेळीं चक्र अडतें. लांब कवच तर वळवितांनाच फुगतें. कमाल लांबी १.२९० इंच, तिच्या आंत सर्व कवचें एकदां सारखीं कापलीं कीं तीं पुन्हां कापण्याची पाळी क्वचितच येते.