कसब हातात आहे, कागदही हातात घेऊ या

(डहाणू-तलासरी परिसरातील विद्यार्थी-पालक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



मेकॅनिकल इंजिनिअर किंवा तंत्रज्ञ कसं व्हायचं, हा आजचा विषय. पण सुरुवात मी कारखान्याच्या हजेरीपटापासून करतो. तलासरीहून माणसं कामाला उंबरगाव, सरीगाम, वापीकडे जातात. डहाणूहून गाडी पकडून बोईसरला, तारापूरच्या एमआयडीसीत जातात. एकाच पत्र्याखाली, एकाच उकाड्यात दोघे जण पाळी भरतात. हजेरीपटावर एकाच्या नावापुढे ‘अकुशल’ लिहिलेलं असतं, दुसऱ्याच्या नावापुढे ‘कुशल’. किमान वेतनाचा दर या एका शब्दावर ठरतो. अनेकदा पहिल्याला काम दुसऱ्याइतकंच येत असतं. त्याच्याकडे नसतो तो कागद.

आपल्या मोहल्ल्यांत हे दुखणं जुनं आहे. सातवी-आठवीत शाळा सुटते आणि पोरगा गॅरेजमध्ये उस्तादच्या हाताखाली जातो. पाच वर्षांत तो नुसत्या आवाजावरून इंजिनाचं दुखणं सांगू लागतो. हे कसब खरंच मोठं आहे, त्याला कमी लेखू नका. पण १ एप्रिल २०२० पासून बीएस-सहा गाड्या आल्या. आता सेन्सर आणि संगणक इंजिन चालवतात आणि बिघाड स्कॅनरवर वाचावा लागतो. नुसता कान पुरत नाही. ज्याला वाचायला, मोजायला कोणी शिकवलं नाही, तो कसबी असूनही मागे पडतो.

आपल्या आधीच्या पिढ्यांनी हे ओळखलं होतं. बद्रुद्दीन तय्यबजी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १८७४ मध्ये मुंबईत अंजुमन-ए-इस्लाम सुरू केली. त्याच अंजुमनच्या छत्राखाली १९३६ मध्ये भायखळ्याला साबू सिद्दीक तंत्रशिक्षण संस्था उभी राहिली. आज तिथे पॉलिटेक्निकही आहे आणि इंजिनिअरिंग कॉलेजही. धर्माचा अभिमान बाळगणाऱ्या माणसांनी लेथ आणि वर्कशॉपवर पैसा खर्च केला, हे लक्षात ठेवा.

आता वाट कशी आहे ते पाहू. दहावीनंतर आयटीआयला फिटर, टर्नर, मशिनिस्ट हे दोन वर्षांचे ट्रेड आहेत. वेल्डर एका वर्षाचा, आणि त्याला आठवी पासही चालते. आयटीआय झाल्यावर १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली कारखान्यात अप्रेंटिसशिप मिळते, दरमहा विद्यावेतनासह. दुसरी वाट पॉलिटेक्निकची : दहावीनंतर तीन वर्षांचा मेकॅनिकल डिप्लोमा. आपल्या जिल्ह्यात विक्रमगडला शासकीय तंत्रनिकेतन आहे. तिसरी वाट बारावी सायन्स आणि सीईटी देऊन चार वर्षांच्या पदवीची.

या तीन वाटा एकमेकींपासून तुटलेल्या नाहीत. आयटीआय झालेल्याला डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो. डिप्लोमा झालेला पदवीच्या दुसऱ्या वर्षाला जाऊ शकतो. म्हणजे सोळाव्या वर्षी फाइल हातात धरणारा फिटर पुढे इंजिनिअर होऊ शकतो. घरची परिस्थिती बेताची असेल तर मला ही जिन्याची वाट बरी वाटते. प्रत्येक पायरीवर थांबून कमावता येतं आणि पुन्हा चढता येतं.

आणि ज्यांची शाळाच सुटली आहे त्यांनी? सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसता येतं. गॅरेजमालक बंधूंना माझी हात जोडून विनंती आहे : तुमच्याकडच्या पोराला परीक्षेची सुट्टी द्या, आणि पगारही कापू नका.

तंत्रज्ञ आणि इंजिनिअर यांत फरक काय, असं मुलं विचारतात. समजा, बर्फाच्या कारखान्यातल्या पंपाचं बेअरिंग दर तीन महिन्यांनी जळतं. तंत्रज्ञ ते काढून नवं बसवतो. बसवतानाही हात सफाईदार लागतो, हातोडा नको तिथे पडला की नवं बेअरिंगही गेलं. इंजिनिअर विचारतो : तीनच महिन्यांत का? मोटर आणि पंप एका रेषेत आहेत का? ग्रीस कमी पडतं की जास्त? पाया हलतो का? पण हा प्रश्न विचारायला पदवी लागत नाही. जो फिटर वहीत तारीख, वेळ, माप लिहून ठेवतो, तो इंजिनिअरिंगच करत असतो. म्हणून मायक्रोमीटरने मिलिमीटरचा शंभरावा भाग वाचायला शिका, ड्रॉइंग वाचायला शिका आणि वही ठेवा. डहाणूच्या औष्णिक केंद्रातली टर्बाइन मिनिटाला ३००० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला ५०. तिथे शंभराव्या भागाची चूकही महागात पडते.

या केंद्रातून आणखी एक धडा घेण्यासारखा आहे. ५०० मेगावॅटचं हे केंद्र १९९५ मध्ये सुरू झालं. त्याआधीच, १९९१ मध्ये डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील जाहीर झाला होता, चिकूच्या वाड्या आणि मासेमारी वाचावी म्हणून. पुढे सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरण नेमलं गेलं. त्याच्या पाठपुराव्यामुळे धुरातला गंधकाचा वायू समुद्राच्या पाण्याने धुऊन काढणारी यंत्रणा इथे बसवावी लागली. ती यंत्रणा म्हणजे पंप, पंखे, पाइप, वॉल्व्ह, सगळं मेकॅनिकलच! प्रदूषण करणारं यंत्र असतं, तसं ते रोखणारंही यंत्रच असतं. कुठलं बसवायचं, हे जागरूक नागरिक आणि जाणकार इंजिनिअर मिळून ठरवू शकतात.

म्हणून वाढवण बंदराबद्दल दोन शब्द. ऑगस्ट २०२४ मध्ये त्याची पायाभरणी झाली. मच्छीमार बांधवांचा त्याला विरोध आहे, काहींना त्यात रोजगार दिसतो. तुम्ही कोणत्या बाजूला उभं राहायचं हा तुमचा लोकशाही हक्क आहे. शिकलात म्हणजे संमती दिली, असं होत नाही. उलट, विरोध करायचा तर प्रकल्पाचा अहवाल वाचता आला पाहिजे, आणि नोकरी मागायची तर कुशल कामगाराचा दर मागता आला पाहिजे. बुलेट ट्रेनचा मार्गही याच जिल्ह्यातून जातो. जमीन इथली, समुद्र इथला, आणि इथल्या पोरांच्या हाती फक्त हेल्परचं कार्ड, असं होऊ देऊ नका. याच तलासरी-डहाणूत १९४५ मध्ये वारली बांधवांनी वेठबिगारीविरुद्ध मान ताठ केली. आजची वेठ कंत्राटी कागदावर लिहून येते. ती वाचता येणं ही त्या लढ्याचीच पुढची पायरी आहे.

शेवटी मुलींबद्दल. ‘मेकॅनिकल मुलींचं काम नव्हे’ हे वाक्य मी मौलवींकडून ऐकलं, तसंच सुशिक्षित मास्तरांकडूनही ऐकलं. ड्राफ्टिंग, मोजमाप, गुणवत्ता तपासणी, सीएनसी मशीन, यातलं काय मुलीला जमणार नाही? जड ओझं उचलायला तर पुरुषही क्रेनच वापरतो. राज्य सरकारने २०२४-२५ पासून, वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असलेल्या ओबीसी, आर्थिक दुर्बल आणि मराठा आरक्षण गटातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी पूर्ण माफ केली आहे. आदिवासी मुला-मुलींना शिष्यवृत्ती आणि वसतिगृहाची वेगळी सोय आहे. तेव्हा उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, अधिवास प्रमाणपत्र ही कागदपत्रं निकालाची वाट न पाहता आताच तहसील कचेरीतून काढून ठेवा. गुण असूनही दाखल्यावाचून प्रवेश हुकतो, तेव्हा दोष मुलांचा नसतो, आपल्या मोठ्यांच्या दिरंगाईचा असतो.

आता तुमचे प्रश्न विचारा. पहिला प्रश्न मुलींकडून येऊ द्या.