पाण्याची भीती आपल्याला कोणी शिकवली?

(पिंपरी-चिंचवड, भोसरी व चाकण परिसरातील स्त्रियांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



आजचा विषय ऐकून काही जणी हसल्या. कंत्राटी काम, रात्रपाळी, घरातली मारहाण एवढे सगळे समोर असताना पाण्याची भीती कसली काढता, असे एकीने विचारलेही. तिचा प्रश्न रास्त आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

आपण राहतो कुठे? पवना, मुळा आणि इंद्रायणी यांच्या काठाने. चाकणच्या बाजूला भामा आहे, भीमा आहे. जुलै २०२४ मध्ये पवना-मुळेकाठच्या सखल वस्त्यांत पाणी शिरले आणि माणसांना रातोरात हलवावे लागले. अशा वेळी लेकराला कडेवर घेऊन गुडघाभर पाण्यातून कोण चालते? आपणच. आणि आपल्यातल्या कित्येक जणी बीड-लातूरकडून आलेल्या. लहानपणी त्यांनी पाणी पाहिले ते टँकरचे, नाहीतर विहिरीच्या तळाशी गेलेले. पाण्यात उतरणे हा अनुभवच नाही.

भीती म्हणजे नुसते ‘मला नको बाई’ नव्हे. छातीत धडधडते, श्वास अडकतो, पायातले बळ जाते. चाकणला पॅकिंगचे काम करणारी आपली एक मैत्रीण डोक्यावरून तांब्या ओतू शकत नाही, मान मागे टाकून केस धुते. तिला आपण ‘नाटकी’ म्हणतो. तिचे शरीर नाटक करत नाही. धोका आहे असे त्याने एकदा शिकून घेतले आहे आणि ते तो धडा इमानाने गिरवते आहे.

हा धडा दिला कोणी? गावाकडची विहीर आठवा. उन्हाळ्यात मुलांच्या पाठीला वाळका भोपळा नाहीतर पत्र्याचा डबा बांधून त्यांना विहिरीत सोडायचे. आपण काठावर कपडे धूत बसायचो. फार तर फ्रॉकमध्ये असेपर्यंत डुंबू दिले, न्हाण आले की तेही बंद. वर सांगायचे, डोहात साती आसरा आहेत, पोरीबाळींना धरतात. भाऊ त्याच डोहात सूर मारायचा, त्याला आसरा धरत नसत! आणि आपल्या भाषेत ‘तिने विहीर जवळ केली’ म्हटले की पुढे काही सांगावे लागत नाही. बाईचे आणि खोल पाण्याचे नाते एवढेच. काही जणींना तर ‘विहिरीत ढकलीन’ ही धमकी रोज मिळालेली आहे. त्यांची भीती पाण्याची आहे की माणसाची, हे आधी त्यांना विचारायला हवे.

हे फक्त आपल्याकडचे नाही. २००४ च्या त्सुनामीनंतर ऑक्सफॅम या संस्थेने मार्च २००५ मध्ये एक टिपण प्रसिद्ध केले. इंडोनेशिया, भारत आणि श्रीलंकेत अनेक ठिकाणी पुरुषांपेक्षा स्त्रिया जास्त मेल्या, असे त्यात दाखवले होते. कारणे एकसारखी नव्हती. कडलूरला बायका मासळी उतरवून घ्यायला किनाऱ्यावर उभ्या होत्या. अनेक ठिकाणी त्या मुलांना सोडून पळू शकल्या नाहीत. श्रीलंकेत पोहणे आणि झाडावर चढणे मुख्यतः मुलग्यांनाच शिकवतात, हेही एक कारण नोंदवले होते. शिकवले नाही, याची ही किंमत.

पण सगळी भीती घालवायची नाही हं. पावसाळ्यातल्या नदीला भ्यायलाच हवे. १५ जून २०२५ ला तळेगावजवळ कुंडमळ्याचा इंद्रायणीवरचा लोखंडी पूल कोसळला, चार माणसे गेली. अशा प्रवाहात पट्टीचा पोहणाराही टिकेल असे नाही. पूल धोकादायक असताना त्यावर माणसे जाऊ दिली जातात, त्याचा जाब यंत्रणेलाच विचारायचा, बुडणाऱ्याच्या पोहण्या-न पोहण्याचा नाही. मी बोलते आहे ती भीती वेगळी. कमरेएवढ्या, स्थिर, स्वच्छ पाण्यातही जी गळा दाबते, ती.

ती जाते का? जाते. १९२४ साली अमेरिकेत मेरी कव्हर जोन्स या मानसशास्त्रज्ञ बाईने पीटर नावाच्या, तीन वर्षांच्या आतल्या मुलाचा अनुभव लिहून ठेवला. त्याला सशाची भयंकर भीती होती. तो आवडीचे खात असताना पिंजऱ्यातला ससा लांब ठेवायचा, मग रोज थोडा जवळ आणायचा. न भिणारी मुलेही त्याच्याबरोबर खेळायला असत. शेवटी तो सशाला कुरवाळू लागला. भीतीवरचे आजचे उपचार बरेचसे याच वाटेने पुढे गेले. मला यात दोन गोष्टी महत्त्वाच्या वाटतात: टप्पा लहान आणि सोबत न भिणाऱ्यांची.

म्हणून ‘एकदा ढकलून द्या, आपोआप हातपाय मारेल’ ही पद्धत मला साफ नामंजूर आहे. काही मुले तशी शिकतात, तेवढीच लक्षात राहतात. जी त्या दिवसापासून पाण्याजवळ फिरकली नाहीत त्यांना कोणी मोजत नाही. बाईच्या इच्छेविरुद्ध तिच्या शरीराशी केलेली कोणतीही गोष्ट शिक्षण नसते.

मग करायचे काय? पहिले काही दिवस पायरीवर बसायचे, पाय पाण्यात. घरी बादलीत तोंड बुडवून नाकातोंडाने बुडबुडे काढायचे. पाण्यात श्वास रोखायचा नसतो, हळूहळू सोडायचा असतो, हे कळले की अर्धी घाबरगुंडी कमी होते. मग काठ धरून छातीएवढ्या पाण्यात उभे राहायचे. मग मैत्रिणीचा हात मानेखाली घेऊन उताणे पडायचे, कान पाण्यात जाऊ द्यायचे. इथे सगळ्या जणी दचकून डोके वर उचलतात. डोके उचलले की कंबर आणि पाय खाली जातात. डोके टेकवले, छाती श्वासाने भरली की शरीर तरंगते. शिवाय बायकांच्या शरीरात चरबीचे प्रमाण पुरुषांपेक्षा जास्त असते, म्हणून आपण सहसा जास्त सहज तरंगतो. ज्या चरबीवरून आयुष्यभर टोमणे खाल्ले ती इथे कामाला येते! एखादीला एका टप्प्याला महिना लागेल. लागू दे. ‘आज नको’ म्हणाली तर आज नको.

आता तलावाचे. आपापल्या भागातल्या महापालिकेच्या तलावावर जाऊन विचारा: बायकांची वेळ कोणती, शिकवायला बाई आहे का, जीवरक्षक हजर असतो का, फी किती, पोहण्याच्या कपड्यांचा नियम काय? ती वेळ कारखान्यातल्या पाळीच्या आड येते का, तेही बघा. दुसऱ्या पाळीसाठीही चार दिवस आड जातात, ते वेगळेच. उत्तरे लिहून आणा, म्हणजे निवेदन नेमके करता येईल.

शेवटी घाटाबद्दल. १९ मे २०२२ ला भोर तालुक्यात भाटघर धरणात पाच तरुण स्त्रिया बुडाल्या. अशा घटनांत बहुतेकदा एकीचा पाय घसरतो आणि तिला धरायला दुसरी, तिसरी उतरते. पोहता येत नसेल तर उतरायचे नाही, काहीतरी फेकायचे: दोर, झाकण लावलेला रिकामा कॅन, नाहीतर साडी. ऑगस्ट २०२० मध्ये तमिळनाडूत पेरांबलूर जिल्ह्यातल्या कोट्टराई धरणावर चार तरुण बुडत होते. तिथल्या तीन बायकांनी अंगावरच्या साड्या सोडून पाण्यात फेकल्या आणि दोघांना ओढून काढले. दोघे गेले. लोक काय म्हणतील याचा विचार करत त्या थांबल्या असत्या तर चौघेही गेले असते.

ओली साडी फेकायला जड जाते, पीळ द्यावा लागतो, टोकाला गाठ मारावी लागते. पुढच्या बैठकीला प्रत्येकीने एक जुनी साडी आणा. आधी मैदानावर फेकून बघू.