येलहंक्याच्या आकाशात कॅमेऱ्याची कसोटी

बंगळुरूच्या येलहंका हवाई तळावर 1996 पासून साधारणतः दर दोन वर्षांनी भरणारे एअरो इंडिया हे प्रदर्शन म्हणजे व्यावसायिक डीएसएलआर कॅमेऱ्याची, अर्थात भिंगातून आलेले दृश्य आरशामार्फत डोळ्यापर्यंत पोहोचवणाऱ्या कॅमेऱ्याची, खरी परीक्षा होय. 2020 मध्ये बाजारात आलेला निकॉन डी-6 सेकंदाला 14 छायाचित्रे टिपतो. हा आकडा भारदस्त वाटला, तरी ताशी 600 किलोमीटर वेगाचे विमान दोन छायाचित्रांच्या मधल्या काळात जवळजवळ 12 मीटर, म्हणजे हवाई दलाच्या सूर्यकिरण कसरत पथकातील हॉक विमानाच्या लांबीइतके अंतर कापून जाते. शिवाय प्रत्येक छायाचित्राच्या वेळी आरसा वर उचलला जाऊन फोकस साधणाऱ्या संवेदकाचा प्रकाश तेवढ्यापुरता तुटतो, त्यामुळे विमान पुढच्या क्षणी कोठे असेल याचा अंदाज कॅमेरा कितपत अचूक बांधतो, हाच मूल्यमापनाचा मुख्य निकष मानावा लागतो. माहितीपत्रके मात्र वेगाचे आकडेच ठळक छापतात.

हवाई दलाच्याच सारंग पथकाची ध्रुव हेलिकॉप्टरे वेगळाच पेच टाकतात: शटर, म्हणजे प्रकाश आत सोडणारा पडदा, सेकंदाच्या दोन हजाराव्या भागापुरता उघडला, तर पाती गोठून हेलिकॉप्टर टांगलेल्या खेळण्यासारखे दिसते, आणि तो सव्वाशेव्या भागापर्यंत उघडा ठेवल्यास पात्यांना गती येते, पण सुमारे दीड किलोचा कॅमेरा व त्याहून जड टेलिफोटो, म्हणजे दूरचे दृश्य जवळ आणणारे, भिंग न डगमगता फिरवावे लागते. दुपारी धावपट्टीवरून उठणाऱ्या उष्ण हवेच्या लहरींनी चित्र थरथरलेच, तर त्यावर कोणत्याही किमतीच्या कॅमेऱ्याकडे इलाज नसतो.